थंडीत पेरलेले बी का रुसते?

मुलांनो,

आपल्या शाळेमागच्या परसबागेत येत्या आठवड्यात नवे वाफे करायचे आहेत. कुदळ, खुरपी, झारी काढून ठेवली आहे. पण बी मातीत पडण्याआधी मला तुम्हाला गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगायची आहे. गोष्ट खरी आहे आणि तिच्यातली चूक माझी आहे. ती पुन्हा होऊ नये म्हणून हा लेख भिंतीवर लावला आहे. लेख जरा मोठा आहे. एका सुटीत संपला नाही तर दुसऱ्या सुटीत वाचा, पण वाचा.

गेल्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपण एक लांब वाफा केला. त्याचे तीन भाग पाडून कांदा, टोमॅटो आणि मिरची यांचे बी टाकले. रोपे तयार झाली की परसबागेत लावायची आणि पोषण आहाराच्या खिचडीत आपल्याच शाळेची भाजी घालायची, असा बेत होता. पाणी घालण्याचे काम तेव्हा सहावीत असलेल्या एका मुलाने आपणहून मागून घेतले. त्याचे नाव इथे लिहीत नाही. मोठ्या मुलांना ते ठाऊक आहेच.

आठव्या दिवशी कांदा वर आला. कांद्याचे रोप येते तेव्हा दोरा मधेच दुमडावा तसे वाकलेले दिसते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टोमॅटोची पाच-सहा रोपे दिसायला चौदा दिवस लागले. मिरचीची ओळ मात्र कोरीच. सोळावा दिवस उजाडला तरी हिरवा ठिपका नाही. मला राग आला. प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर मी त्या मुलाला उभे केले आणि म्हणालो, "तू पाणी घालायला टाळाटाळ केलीस. बी वाळून गेलं. काम जमत नव्हतं तर घेतलंस कशाला?"

तो काही बोलला नाही. खाली मान घालून उभा राहिला. त्या दिवसापासून काही मुले त्याला 'कोरड्या' म्हणू लागली. मी ते ऐकले आणि कानाआड केले. ही माझी दुसरी चूक.

त्याने काय केले असेल? सकाळी एकदा आणि शाळा सुटल्यावर एकदा, अशी दोन-दोन वेळा झारी भरून तो पाणी घालू लागला. वाफा चिखलासारखा झाला. पाच दिवसांत टोमॅटोची आलेली रोपेही मातीशी मान मोडून आडवी पडली. आता तर सगळे म्हणू लागले, "बघा, यानंच मारली."

त्याच दुपारी आपल्या खिचडी शिजवणाऱ्या मावशी वाफ्याजवळ आल्या. त्यांनी माती चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "गुरुजी, एक बोलू का? थंडीत मटकीलासुद्धा मोड लवकर येत न्हाईत. मी भांडं गोधडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवते, तवा कुठं मोड येतात. तुमची मिरची तर रातभर उघड्यावर कुडकुडतीय. तिला पाणी कशाला पाजता? ऊब द्या की."

मुलांनो, मी इतकी वर्षे विज्ञान शिकवतो, पण ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

बी जागे होते म्हणजे काय होते?

प्रत्येक बीच्या आत एक इवलेसे रोप झोपलेले असते. त्याच्याबरोबर त्याची शिदोरीही बांधून दिलेली असते. ही शिदोरी पिठूळ पदार्थ, तेल आणि प्रथिने यांची असते. बीला पाणी मिळाले की ते फुगते. मग आतली विकरे कामाला लागतात आणि त्या शिदोरीचे साखरेसारख्या विरघळणाऱ्या अन्नात रूपांतर करतात. ते अन्न खाऊन आधी मूळ बाहेर येते, मग कोंब.

या कामाला तीन गोष्टी लागतात : पाणी, हवा आणि ऊब. तिन्ही हव्यात. एक कमी पडली तर दुसरी जास्त देऊन भागत नाही. थंडी पडली की विकरांचे काम मंदावते. बी मरत नाही, नुसते रेंगाळते. घरी थंडीत विरजण लवकर लागत नाही, तसेच काहीसे हे आहे.

कोणत्या बीला किती ऊब लागते, हेही वेगवेगळे असते. मातीचे तापमान 25 अंश सेल्सिअस असेल तर टोमॅटो साधारण 6 दिवसांत उगवतो. तीच माती 15 अंशांवर आली तर साधारण 14 दिवस लागतात. मिरचीला 25 अंशांवर सुमारे 8 दिवस पुरतात, पण 15 अंशांवर सुमारे 25 दिवस लागतात! कांदा मात्र काटक. 15 अंशांवरही तो आठवड्याभरात डोके वर काढतो.

आपण प्रयोगाच्या पेटीतला तापमापक आणला आणि बोटाच्या पेराइतका मातीत खुपसला. सकाळी आठ वाजता पारा 13 अंशांवर होता आणि दुपारी तीनला 23 अंशांवर. म्हणजे आपल्या मिरचीला सोळा दिवसांत उगवणे अवघडच होते. कांदा आला, टोमॅटो थोडा आला आणि मिरची आली नाही, याचे कोडे तिथेच सुटले. पाणी तर तिघांनाही एकाच झारीने मिळत होते.

आपण देशावरची माणसे. आपल्याकडे थंडीतल्या रात्री चांगल्याच गार असतात. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे काही वर्षी पारा 5 अंशांच्याही खाली जातो. समुद्राकाठी रत्नागिरीकडे थंडी बेताची, त्यामुळे तिथे डिसेंबरात टाकलेले बी इतके रुसत नाही. पाकिटावर 'आठ ते दहा दिवसांत उगवते' असे छापलेले असले, तरी आपल्या गावचा गारवा त्या छापणाऱ्याला ठाऊक नसतो.

जास्त पाणी का बाधते?

मातीच्या कणांमध्ये बारीक फटी असतात. त्यांत हवा असते. पाणी फार झाले की फटी पाण्याने भरतात आणि हवा बाहेर जाते. बीलाही श्वास लागतो. हवा नसेल तर ते गुदमरते आणि कुजते.

दुसरे असे, की ओली माती आणखी गार होते. माठ पाझरतो आणि पाणी गार होते, हे तुम्ही जाणता. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. आपण संध्याकाळी पाणी घालून वाफ्याचा माठ करत होतो आणि वर रात्रीची थंडी होतीच.

तिसरी गोष्ट बुरशीची. मातीत काही बुरशी नेहमीच असतात. गार, ओलसर मातीत रोप सावकाश वाढते आणि बुरशीला सवड मिळते. ती रोपाला बरोबर मातीजवळ पकडते. तिथे देठ पाणचट होतो, बारीक होतो आणि रोप आडवे पडते. शेतकरी याला रोपे कोलमडणे किंवा मर म्हणतात. टोमॅटोचे तेच झाले होते.

मग आम्ही काडीने मिरचीची ओळ हळूच उकरली. वाफ्याच्या उंच बाजूच्या बिया टणक होत्या, फुगलेल्या होत्या आणि दोन-तीन बियांना पांढरे टोकही फुटले होते. खोलगट बाजूला, जिथे पाणी साठत होते, तिथल्या बिया बोटाने दाबताच पिचल्या.

याचा अर्थ तुमच्या लक्षात आला का? ज्या दिवशी मी रागावलो त्या दिवशी बी वाळलेले नव्हते. ते हळूहळू जागे होत होते. माझ्या रागानंतर जे जादा पाणी पडले, त्याने ते कुजले.

दोन पुरचुंड्या

तरी वर्गात काहीजण म्हणाले, "गुरुजी, बीच जुनं असेल." शंका रास्त होती. म्हणून आम्ही प्रयोग केला. एकाच पाकिटातल्या मिरचीच्या 20 बिया एका ओल्या फडक्यात बांधल्या आणि दुसऱ्या 20 बिया दुसऱ्या फडक्यात. एक पुरचुंडी वर्गाच्या उत्तरेकडच्या खिडकीत ठेवली. दुसरी मावशींनी घरी नेली आणि चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवली. विस्तवाजवळ नव्हे हं, हात लावला तर कोमट लागेल इतक्याच अंतरावर. दोन्हींवर दिवसातून दोनदा एकेक चमचा पाणी. जास्त नाही, कमी नाही. फरक फक्त उबेचा.

नोंदवही त्याच मुलाकडे दिली. रविवारी शाळा बंद असते. पण तो रविवारीही आला, खिडकीच्या गजातून हात घालून फडके भिजवून गेला आणि मग मावशींच्या घरी जाऊन तिथले पाहून आला. हे मला पुढच्या सोमवारी वहीतून कळले.

नवव्या दिवशी मावशींच्या पुरचुंडीत 14 बियांना मोड आले होते. खिडकीतल्या पुरचुंडीत एकालाही नाही. बाराव्या दिवशी मावशींच्या मोडांची संख्या 17 झाली. खिडकीतला पहिला मोड एकोणिसाव्या दिवशी दिसला आणि सव्विसाव्या दिवसापर्यंत तिथे 12 झाले.

20 पैकी 17 म्हणजे शंभरात 85. बी जुने नव्हते, उत्तम होते. पाणी कमी पडले नव्हते. मुलगा कामचुकार नव्हता. थंडी होती, आणि ती मला ओळखता आली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी त्या मुलाला पुन्हा पुढे बोलावले आणि सर्वांसमोर सांगितले, "माझं चुकलं. तू आपलं काम नीट केलं होतंस." तो तेव्हाही खालीच पाहत होता. पण कान लाल झाले होते.

मावशींच्या पुरचुंडीतले ते 17 मोड आम्ही नारळाच्या करवंट्यांत लावले. त्यांतली 13 रोपे जगली. फेब्रुवारीच्या अखेरीस ती परसबागेत गेली आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात खिचडीच्या फोडणीत आपल्या मिरच्या पडल्या. तिखट होत्या. पहिलीच्या मुलांनी तर पाण्याच्या टाकीकडे धाव घेतली होती.

या वर्षी आपण काय करायचे?

1. आधी बी तपासायचे. पेरणीपूर्वी 20 बिया ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवा आणि किती उगवतात ते मोजा. निम्म्याहून कमी उगवल्या तर ते बी नको. कांद्याचे बी फार लवकर जुने होते. मागच्या वर्षीचे पुडके उरले असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका. टोमॅटो-वांग्याचे बी कोरड्या जागी ठेवले तर तीन-चार वर्षेही चालते.

2. विकतच्या बियांना पुष्कळदा गुलाबी, हिरवे असे रंगीत औषध लावलेले असते. ते विषारी असते. असे बी तोंडात धरायचे नाही, लहान भावंडांच्या हाती द्यायचे नाही. बी हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. ही सूचना पहिली ते सातवी सर्वांना लागू आहे.

3. वाफा सपाट नको, गादीवाफा हवा. 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 15 सेंटीमीटर, म्हणजे साधारण वीतभरापेक्षा थोडा कमी उंच. उंच वाफ्यात पाणी साठत नाही आणि उन्हाने माती लवकर तापते. चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत घाला. ताजे शेण घालू नका. वाफा उघड्या जागी करा, जिथे सकाळचे ऊन थेट पोचते. गेल्या वर्षीचा वाफा चिंचेच्या सावलीत होता, हेही चुकलेच होते.

4. ओळी बोटाने आखा, दोन ओळींत 10 सेंटीमीटर अंतर ठेवा. बी किती खोल टाकायचे? बीच्या जाडीच्या दोन-तीन पट, एवढा हिशेब पुरे. म्हणजे मिरची-टोमॅटोला एक सेंटीमीटर पुष्कळ झाले. फार खोल गेले तर शिदोरी वाटेतच संपते. दाटही टाकू नका. दाट रोपांत वारा खेळत नाही आणि मर लवकर पसरते.

5. पेरणीनंतर वाफ्यावर वाळल्या गवताचा पातळ थर द्या. ओल टिकते. पण पहिले कोंब दिसले की त्याच दिवशी गवत काढून घ्या. नाहीतर रोपे उजेडासाठी लांबतात, पिवळी पडतात आणि लोळतात.

6. पाणी झारीनेच आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमारास घाला. म्हणजे दिवसभरच्या उन्हाने वरची माती सुकते आणि रात्री वाफा चिखलात राहत नाही. रोज घालायचे असा नेम नाही. माती चिमटीत धरा. ओलसर लागली तर त्या दिवशी पाणी नको.

7. रात्री वाफ्यावर बांबूच्या कामट्यांची कमान करून जुने लुगडे किंवा गोणपाट टाका. ते रोपांना टेकता कामा नये. सकाळी ऊन आले की काढा. वाफ्यावर उन्हाची वेळ झाली की आधी पांघरूण निघाले पाहिजे. ही पाळी पाचवी आणि सहावीकडे राहील.

8. मिरची आणि वांगी यांचे बी या वर्षी थेट वाफ्यात टाकायचे नाही. आधी उबेला ठेवून मोड आणायचे. मोड तांदळाच्या दाण्याएवढा झाला की लगेच करवंटीत किंवा तळाला भोके पाडलेल्या दुधाच्या पिशवीत लावायचा. मोड फार नाजूक असतो. तो चिमटीत धरू नका, ओल्या काडीच्या टोकाने उचला.

9. एखादे रोप आडवे पडलेले दिसले तर ते शेजारच्या मातीसह उचलून लांब टाका, पाणी दोन दिवस थांबवा आणि मला सांगा. सांगणाऱ्याला कुणी बोलणार नाही.

10. टोमॅटोचे रोप उबेत चार आठवड्यांत लावणीला येते. थंडीत थोडे अधिक दिवस धरा. वांग्याला पाच-सहा आठवडे, मिरचीला सहा-सात आठवडे आणि रब्बीच्या कांद्याला सात-आठ आठवडे लागतात. लावणीच्या चार-पाच दिवस आधी पाणी कमी करायचे, म्हणजे रोप काटक होते. उपटण्याच्या दिवशी मात्र वाफा भिजवायचा, नाहीतर मुळे तुटतात. लावणी उन्हे उतरल्यावर करायची आणि लगेच पाणी द्यायचे. तुम्ही विचाराल, संध्याकाळी पाणी नको म्हणालात ना? ते बी आणि कोवळ्या रोपांसाठी. उपटलेल्या रोपाची मुळे दुखावलेली असतात. त्याला त्या दिवशी भर उन्हात उभे करणे जास्त वाईट.

आणखी एक. सगळ्याच भाज्या थंडीत रुसत नाहीत. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर यांना आपला हिवाळा आवडतो. त्यांची रोपे करायचीच नाहीत, बी थेट जागेवर पेरायचे. मुळा-गाजर उपटून पुन्हा लावले तर मूळ वाकडे-तिकडे फुटते. कोथिंबिरीसाठी धने हलक्या हाताने रगडून त्यांची दोन दळे करून पेरा. एका धन्यात दोन बिया असतात. ज्यांना घरी चार दिवसांत काहीतरी उगवलेले पाहायचे आहे, त्यांनी मेथी पेरावी.

शेवटी एक मागणे

तो मुलगा आता सातवीत आहे. या वर्षीच्या परसबागेचा प्रमुख तोच आहे आणि झारीची किल्लीही त्याच्याकडेच राहील. पण परवा मैदानात एका लहान मुलाने त्याला जुन्या नावाने हाक मारलेली मी ऐकली. त्या लहानग्याला नाव कशावरून पडले हे माहीतही नसेल. त्याने ते मोठ्यांकडून उचलले. मुलांनो, ते नाव माझ्या चुकीतून आले आहे. मी माझे शब्द प्रार्थनेच्या वेळी परत घेतले, तसे तुम्हीही ते नाव परत घ्या. आजपासून ते शाळेत कुणी उच्चारू नये.

येत्या सोमवारी प्रत्येकाने घरून कोणत्याही एका भाजीच्या 20 बिया आणि एक जुने सुती फडके आणावे. बी कुठून आणले, किती जुने आहे, हे घरी आजीला किंवा आईला विचारून कागदावर लिहून आणावे. पुरचुंड्या बांधून झाल्या की निम्म्या खिडकीत राहतील आणि निम्म्या मावशींच्या कोनाड्यात. मावशींनी जागा रिकामी करून ठेवली आहे.

कोणाच्या बीला उशीर झाला तर घाबरू नका. आधी तापमापक पाहू, मग बोलू.

तुमचे गुरुजी